नळीमागच्या काळ्या रेषा

मनीषनगरातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की शुगर, थायरॉइड, लिपिड प्रोफाइल यांच्या रांगेत कधी ना कधी एक आवाज ऐकू येतो : "सिकल करायचंय." काउंटरवरच्या मुलीला पुढचं काही विचारावं लागत नाही. सिकल म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार; नागपुरात एवढा एक शब्द पुरतो. लग्न ठरायच्या आधी, पहिलटकरणीची नावनोंदणी होताना, पोराचे हातपाय सुजून ते रात्र रात्र रडायला लागलं की, किंवा थोरल्या भावाला निघालं म्हणून धाकट्याचं बघून घ्यावं म्हणून. मनीषनगरची ही वस्ती विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या माणसांनी वाढली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. आपापल्या गावाबरोबर आपापलं रक्तही माणसं घेऊन येतात.

या चाचणीचं कूळ कुठून कुठे जातं, ते इथे मांडायचं आहे. चाचणी एवढी साधी आणि स्वस्त आहे, की तिच्यामागे प्रथिनांचा एवढा मोठा इतिहास उभा असेल असं वाटत नाही.

आधी चाचणी जवळून बघू. काचेच्या लहान नळीत दोन मिलिलिटर द्रावण असतं. त्यात वीस मायक्रोलिटर रक्त, म्हणजे थेंबाहूनही कमी. नळी हलवायची, पाचेक मिनिटं स्टँडवर ठेवायची आणि मग एका पांढऱ्या कार्डासमोर धरायची. कार्डावर जाड काळ्या रेषा छापलेल्या असतात. लालसर द्रावणातून त्या रेषा स्वच्छ दिसल्या, तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर पॉझिटिव्ह. झाली सोल्युबिलिटी टेस्ट. आशाताई, एएनएम, शाळेत शिबिराला आलेला टेक्निशियन, कुणीही ती करू शकतं.

त्या द्रावणात तीन गोष्टी आहेत. पहिली सॅपोनिन, जे रिठ्यात असतं आणि रिठ्याला फेस आणतं. तांबड्या पेशीचं आवरण मेदाच्या रेणूंचं, म्हणजे लिपिडांचं बनलेलं असतं. सॅपोनिन त्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटतं, आवरणाला भोकं पडतात आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं. दुसरी गोष्ट सोडियम डायथायोनाइट. गुऱ्हाळावर गुळाचा रंग उजळ करायला जी 'हायड्रॉस' पावडर टाकतात, ती हीच. नळीत तिचं काम हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेणं. तिसरं म्हणजे फॉस्फेटचं घट्ट द्रावण. नेहमीचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला तरी त्यात विरघळून राहतं. सिकलचं हिमोग्लोबिन राहत नाही. त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, लांब लांब तंतू होतात, द्रावण गढुळतं. शरीरात, ऑक्सिजन कमी पडला की, नेमकं हेच पेशीच्या आत होतं. तंतूंच्या ताणाने गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस हाडं फुटल्यासारखा कळवळतो.

ही वाकलेली पेशी वैद्यकाने पहिल्यांदा पाहिली ती शिकागोत. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरचा विशीतला तरुण दंतवैद्यक शिकायला तिथे आला होता. १९०४ च्या डिसेंबरात तो खोकला-तापाने रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या, त्यांची चित्रं काढली. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. नोएल शिक्षण पुरं करून ग्रेनाडाला परतला, त्याने दवाखाना काढला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने तो गेला. आजाराला त्याचं नाव मिळालं नाही. मला ते नाव इथे घ्यावंसं वाटलं, कारण नळीतल्या रक्ताची गोष्ट त्याच्या रक्तापासून सुरू होते.

पुढची चाळीस वर्षं पेशीच्या आकाराकडे बघण्यात गेली. ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकते, हे १९२७ पर्यंत कळलं होतं. मग १९४५ मध्ये एका सरकारी समितीच्या निमित्ताने रक्तविकारांचे डॉक्टर विल्यम कॅसल आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची गाठ पडली. कॅसल यांनी सहज या पेशींबद्दल सांगितलं. पॉलिंग यांच्या मनात आलं, ऑक्सिजनशी नातं आहे तर दोष पेशीत नसेल, हिमोग्लोबिनमध्येच असेल. हे तपासायचं काम त्यांनी हार्वे इटानो या तरुणाला दिलं.

इटानोंपाशी थोडं थांबायला हवं, कारण नळीतल्या चाचणीचा धागा त्यांच्याच हातून येतो. कॅलिफोर्नियात जन्मलेले, आईबाप जपानी. १९४२ मध्ये बर्कले विद्यापीठात ते आपल्या तुकडीत सर्वांत पहिले आले, पण पदवीदान समारंभाला हजर नव्हते. अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना तारांच्या कुंपणाआड नेऊन ठेवलं होतं, त्यांत तेही होते. छावणीतून सुटका झाली ती सेंट लुइसला डॉक्टरकी शिकायला जाण्यासाठी. तिथून ते पॉलिंग यांच्याकडे आले. आजारी आणि निरोगी माणसांचं हिमोग्लोबिन त्यांनी विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिलं. दोन्ही वेगळ्या वेगाने सरकली. आईबापांसारख्या वाहकांच्या, म्हणजे दोष एकाच बाजूने आलेल्या माणसांच्या रक्तात दोन्ही सापडली, मिसळलेली. १९४९ च्या नोव्हेंबरात 'सायन्स'मध्ये पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा निबंध आला आणि सिकल हा 'रेणूचा आजार' ठरला. आजार एका प्रथिनाच्या घडणीत असू शकतो, हे वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदा दाखवून दिलं गेलं. नागपुरात रिपोर्टवर 'एएस पॅटर्न' (वाहक) किंवा 'एसएस पॅटर्न' (रुग्ण) असं लिहिलेलं असतं. ती भाषा या निबंधातून निघाली.

त्यानंतर वर्षभरात केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुत्झ आणि मर्डॉक मिचिसन यांनी दाखवलं, की ऑक्सिजन गेल्यावर हे हिमोग्लोबिन फारच कमी विरघळतं. १९५३ मध्ये इटानोंनी ती विद्राव्यता फॉस्फेटच्या द्रावणात मोजायची रीत बसवली. काळ्या रेषांचं कार्ड, तयार पावडरच्या पुड्या, शिबिरातली घाई हे सगळं नंतरचं. नळीचा जन्म हा.

मग १९५६-५७. पेरुत्झ यांच्याच प्रयोगशाळेत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या पाचक विकराने तोडलं, तीसेक तुकडे केले आणि कागदावर आडवे-उभे पसरवले. दोन कागदांवरच्या ठिपक्यांत एकच ठिपका सरकलेला होता. बीटा साखळीच्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन आलं होतं. बाकी सगळं तसंच. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून ते विजेच्या क्षेत्रात हळू सरकतं, म्हणून शेजारच्या रेणूला चिकटतं.

या सगळ्यांची चरित्रं शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. इटानो छावणीतले. पेरुत्झ व्हिएन्नाचे, युद्धात शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून इंग्लंडने त्यांना कॅनडात नेऊन कोंडलं होतं. इन्ग्रॅम ब्रेस्लाऊमध्ये जन्मलेले, नाझींपासून पळून आलेल्या ज्यू कुटुंबातले. आणि भारतात हा आजार ज्यांनी प्रथम नोंदवला, ते हर्मन लेहमनही जर्मनी सोडावी लागलेले ज्यू जीवरसायनशास्त्रज्ञ. उपटून टाकलेल्या माणसांनी हे ज्ञान जमवलं. माझ्या लेखी या चाचणीच्या कुळातली ही मोठी खूण आहे.

लेहमन युद्धकाळात ब्रिटिश सैन्याचे पॅथॉलॉजिस्ट म्हणून भारतात होते. १९५२ मध्ये त्यांनी आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत सिकलची वाहक अवस्था सापडल्याचं लिहिलं. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही ती सापडली. ते मजूर मूळचे मध्य-पूर्व भारतातून नेलेले. १९५६ मध्ये मुंबईतून सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही जमातींविषयी लिहिलं. आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नागपूर आलं : शुक्ला आणि सोळंकी यांचं मध्य भारतातल्या सिकलवरचं छोटं टिपण.

नागपूरचं मेडिकल कॉलेज तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचं होतं. शहर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, आता द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेलं. महत्त्वाचं हे, की निलगिरी आणि आसाममध्ये जो आजार आदिवासींचा आणि मळ्यांतल्या मजुरांचा वाटला होता, तो नागपुरात साध्या शहरी-ग्रामीण वस्त्यांतून ओपीडीत येत होता. गोंड, माडिया, परधान यांच्यात तर तो आहेच, पण बौद्ध समाजात, कुणबी आणि तेली घरांतही आहे. मलेरियाच्या मुलुखात वाहकांना थोडं संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं होतं. विदर्भाची जंगलं आणि मलेरिया आठवला, की हा जनुक इथे का टिकला ते समजतं. जनुक जात विचारत नाही. ज्या मुलुखात पूर्वज तगले, तिथली ही शिल्लक.

आणि तरीही, १९५८ पासून पुढची कित्येक वर्षं, ज्ञानाच्या पुढे मदत गेली नाही. प्रथिन कळलं, ठिपका कळला, गावं कळली. दुखणं घेऊन आलेल्या पोराला द्यायला सलाईन, वेदनाशामक आणि रक्ताची बाटली यांपलीकडे काही नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरुवातीच्या काळात सिकलसेल शोधून काढला. तो शास्त्राच्या दृष्टीने मोठा शोध होता, पण लोकांना त्यात रस वाटला नाही, कारण चाचणीनंतर त्यांना देण्यासारखं काही नव्हतं. डॉ. अभय बंग यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे आणि संशोधन लोकांच्या गरजेपासून सुरू व्हावं असा धडा त्यातून घेतला आहे. मला त्या लोकांचं म्हणणं पटतं. नुसतं 'तुझ्यात आहे' असं सांगून निघून जाणारी चाचणी माणसाच्या डोक्यावरचं ओझं वाढवते.

पुण्यातून डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी पाड्यांत वर्षानुवर्षं रक्त तपासलं. मुंबईत परळला आयसीएमआरच्या संस्थेत डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह यांच्यासारख्यांनी हिमोग्लोबिनच्या विकारांचं काम उभं केलं. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांना एकत्र आणलं, कागदपत्रं आणि सवलतींसाठी सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामागे अशा माणसांचा रेटा आहे.

राज्य सरकारचा कार्यक्रम साधारण २००८ पासून आदिवासी जिल्ह्यांत सुरू झाला आणि नळी गावोगाव पोचली. तिथे तिची मर्यादाही उघडी पडली. सोल्युबिलिटी 'आहे' एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे सांगत नाही. रक्त फार कमी असेल तर ती चुकू शकते. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्याचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला पाठवायचं असतं. एचपीएलसीचं यंत्र सहा-साडेसहा मिनिटांत एक आलेख काढतं; साडेचार मिनिटांच्या आसपास उंचवटा आला की तो एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन. त्याच्या उंचीवरून आणि शेजारी नेहमीचं हिमोग्लोबिन आहे की नाही यावरून ठरतं. पण शिबिरातून रक्त गेलं, रिपोर्ट परत यायला उशीर झाला, आणि मधल्या काळात 'पॉझिटिव्ह' हा एकच शब्द गावात फिरला, असं किती घरांत झालं असेल. वाहक मुलीला आजारी ठरवून स्थळं परत गेली. वाहकाला आयुष्यभर कसलाही औषधोपचार लागत नाही, हे सांगायला कुणी थांबलं नव्हतं.

समुपदेशनातली दुसरी अडचण चारातल्या एकाची. दोघंही वाहक असतील तर मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. बरीच माणसं ते हिशेबासारखं धरतात : एक झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक गर्भारपणात तीच शक्यता नव्याने उभी राहते. आणि दोष आईकडे जातो; खरं तर एक एस बापाकडून आल्याशिवाय एसएस होऊच शकत नाही. मनीषनगरच्या लॅबमधून रिपोर्टचा कागद घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्याला ही दोन वाक्यं कुणीतरी बसवून, शांतपणे सांगायला हवीत. कागदावर ती छापलेली नसतात.

या कुळाची एक शाखा भलत्या दिशेला गेली, तीही सांगायला हवी. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वाय. डब्ल्यू. कान आणि आंद्रे डोझी यांनी सिकलचा माग डीएनएच्या तुकड्यांच्या लांबीवरून काढला. तीच पद्धत हाताशी धरून १९८५ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं आणि १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांनी तो मिळवला. सीएफटीआर हे १,४८० अमिनो आम्लांचं प्रथिन. बहुतेक रुग्णांत त्यातलं ५०८ वं, फेनिलअ‍ॅलनिन, गळालेलं असतं. तेवढ्याने प्रथिनाची घडी नीट बसत नाही, ते पेशीच्या आवरणापर्यंत पोचतच नाही, क्लोराइडची वाट बंद होते आणि घाम खारट होतो. तिथेही जीवरसायनशास्त्रज्ञांना प्रथिनाबरोबर मेदाकडे वळावं लागलं : या रुग्णांच्या ऊतींत अ‍ॅराकिडोनिक आम्ल जास्त आणि डीएचए कमी आढळतं. सिकलमध्येही मेदाकडे वळावं लागलं. पेशी पुन्हा पुन्हा वाकली की आवरणाच्या आतल्या पदरातला फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद बाहेरच्या बाजूला येतो, पेशी चिकट होते, रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. १९८१ मध्ये बर्ट्रम ल्युबिन आणि डॅनी चिउ यांच्या गटाने हे दाखवलं. सुरुवात प्रथिनात, पण नुकसानाची अर्धी गोष्ट मेदाची.

सिस्टिक फायब्रोसिस हे गोऱ्या जगाचं दुखणं मानलं गेलं. त्यासाठी अमेरिकेत पैसा उभा राहिला आणि २०१९ मध्ये प्रथिनाची घडी सुधारणारं त्रिगुणी औषध आलं, वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर किमतीचं. भारतात तो आजार दुर्मीळ समजला जाई; एम्समध्ये डॉ. काबरा यांच्या गटाने २००२ मध्ये साध्या साहित्यातून घाम गोळा करून क्लोराइड मोजण्याची देशी रीत दिली, तेव्हा आपल्याकडचीही जास्त मुलं सापडायला लागली. सिकल चाळीस वर्षं आधी कळलेला. त्याचं औषध मात्र दुसऱ्याच कामासाठी बनलेल्या रेणूतून आलं.

हायड्रॉक्सियुरिया. १८६९ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा बनवलेला रेणू, पुढे रक्ताच्या कर्करोगावर वापरला गेला. १९८४ मध्ये ऑरा प्लॅट यांनी पाहिलं, की त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, परत वाढतं. एचबीएफ एसच्या रेणूंना तंतू करू देत नाही. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीने वेदनांचे झटके कमी होतात हे सिद्ध झालं. भारतीय रुग्णांत एचबीएफ मुळातच थोडं जास्त असतं, म्हणून आपल्याकडचा सिकल सौम्य, असं पुस्तकांत लिहिलेलं असे. नागपूरच्या मेडिकलमधल्या बालरोगतज्ज्ञांनी रोज वॉर्डात जे पाहिलं, ते या वाक्याशी जुळत नव्हतं. तिथल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गंभीर आजारी मुलांना किलोमागे दहा मिलिग्रॅम असा कमी आणि ठरावीक डोस देऊन झटके, रक्त चढवणं आणि भरती होणं कमी झाल्याचं दाखवलं. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी तपासण्या, गावाकडच्या मुलालाही झेपेल असं औषध. या लांबलचक वंशावळीत नागपूरचा सगळ्यांत मोलाचा दुवा मला हा वाटतो, १९५८ च्या टिपणापेक्षाही.

१ जुलै २०२३ ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली : सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. त्याच वर्षअखेर अमेरिकेत जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत बावीस लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने देशी पर्याय 'बिरसा १०१' या नावाने पुढे आणला आहे. तो साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत आला, तर फार मोठं काम होईल.

पण आज, हाताशी असलेल्या साधनांत, सगळ्यांत जास्त जीव वाचवणारी गोष्ट याहून कितीतरी साधी आहे, आणि तिथे नळी चालत नाही. नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश एचबीएफ असतं, म्हणून पहिले काही महिने सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते आणि बाळ ठणठणीत दिसतं. एचबीएफ उतरायला लागलं की सहाव्या महिन्यानंतर हातापायांची बोटं सुजतात, प्लीहा वाढते, साधा ताप जिवावर बेततो. बाळाच्या टाचेतला थेंब जन्मल्याबरोबर एचपीएलसीला गेला, आणि एसएस निघालेल्या बाळाला तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन मिळालं, तर जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळतात. हे अमेरिकेत १९८६ मध्येच सिद्ध झालंय. नागपुरातही मेडिकलने मुंबईच्या संस्थेबरोबर हे करून पाहिलं. आधी गर्भवतीची नळीने तपासणी, ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाची एचपीएलसी, आणि मग त्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा. २०१६ मध्ये ते काम छापून आलं. मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं आणि मनीषनगर-बेसा पट्ट्यातली खासगी प्रसूतिगृहं, सगळीकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर हा एक रिपोर्ट असायला हवा, लसीच्या पहिल्या नोंदीशेजारीच.